देवळातला कापूस

आमच्या मंडळीत आभाराचा रविवार नाताळच्या थोडा आधी येतो, कापूस घरात यायला लागला की. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान, त्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्या दिवशी कोणी तुरीच्या ओल्या शेंगा आणतं, कोणी सोयाबीन, कोणी कोहळं. ज्याला वावर नाही तो कोंबडी पाय बांधून आणतो आणि ती उपासनाभर ओरडते. सगळं वेदीपुढे ठेवायचं, पाळक साहेब त्यावर प्रार्थना करतात. एकदा प्रार्थना झाली की ती वस्तू देवाची. त्याच्यातून नाताळचं जेवण होतं आणि गरज असलेल्या घरांत चादरी जातात.

मी दरवर्षी कापूस देतो. पहिल्या दिवशी वेचताना कमरेच्या फडक्यात, ओटीत, पहिल्यांदा जेवढा मावेल तेवढा. माझे वडील तसंच करत. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, उभं राहून लांब प्रार्थना म्हणणं मला जमत नाही. कापूस ठेवतो आणि जागेवर जाऊन बसतो. या देवळातून मी कधी काही घेऊन गेलो नाही, नाताळची चादरसुद्धा नाही. एका वर्षी पोरांनी मंडळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना चादरी वाटल्या, तेव्हा मी माझी परत पाठवली होती.

गेल्या वर्षी कापूस फुटला आणि त्याच आठवड्यात मी बांधावरून घसरलो. मांडीचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आत सळई टाकली. माझी बायको, म्हातारी, माझ्यासोबत होती, घराला कुलूप. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर, तो एक रात्र येऊन गेला. वेचायला मजूर मिळत नव्हते, ज्यांना ते मिळाले त्यांनी आधी स्वतःचं वावर धरलं. मी खाटेवर पडून छताकडे बघत होतो, आणि म्हातारी मनात हिशेब करत होती. स्वयंपाकघरावरची टिनं सडली होती. पावसाळाभर तिनं चुलीवर छत्री धरून भाकरी केल्या होत्या. ती टिनं या कापसावर बदलायची ठरली होती. कापूस झाडावरच लोंबकळत राहिला आणि वरून पाणी आलं, तर अजून एक पावसाळा छत्रीखाली. ती हे बोलून दाखवत नव्हती. मला ते बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

शनिवारी संध्याकाळी सुट्टी मिळाली. गावात आलो तेव्हा अंधार पडला होता, पाऊस भुरभुरत होता. वावराकडे जायचा प्रश्नच नव्हता. शेजारची बौद्धांची सून डबा घेऊन आली. तिनं म्हातारीला सांगितलं की तुमच्या देवळातल्या बाया दोन दिवस तुमच्या वावरात होत्या. म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी जेवत राहिलो.

सकाळी वॉकर घेऊन देवळात गेलो. दारातच थांबावं लागलं. वेदीच्या पुढे, कोहळी आणि शेंगांच्या मागे, कापसाचा ढीग होता. भिंतीला टेकून खिडकीपर्यंत गेलेला. माझं सगळं वावर तिथं होतं.

झालं होतं ते असं. महिला मंडळाच्या बायांनी मजुरी न घेता, कोणाला न विचारता, माझा कापूस वेचून काढला. शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. माझ्या घराला कुलूप, आणि बैलबंडीवर कापूस. एवढा कापूस मावेल अशी, त्यांच्याकडे किल्ली असलेली कोरडी जागा गावात एकच होती. त्यांनी तो देवळात आणून टाकला आणि भिजत घरी गेल्या. पाळक साहेब नवीन, नागपूरकडचे. ते बाहेरगावाहून आले ते रविवारी सकाळीच. वेदीपुढे कापूस दिसला, कोणाचा म्हणून विचारलं, कोणीतरी माझं नाव सांगितलं. त्यांना वाटलं, मी दिला.

उपासनेत त्यांनी मला उभं राहायला सांगितलं नाही, माझ्या पायाकडे बघून. पण बोलले भरपूर. जवळ होतं तेवढं सगळं देवाला देणाऱ्या, पवित्र शास्त्रातल्या गरीब विधवेचा दाखला दिला. मी गरीब नव्हतो, आणि विधवा तर नव्हतोच. लोक माना वळवून बघत होते. बायांच्या बाजूला चुळबुळ चालली होती, पण प्रार्थनेत मध्ये बोलायचं कोणी? साहेबांनी हात वर केले आणि सगळ्या ढिगावर प्रार्थना केली. आमेन झालं. माझ्या पायामुळे म्हातारी त्या दिवशी बायांकडे न बसता माझ्या शेजारी, बाकाच्या टोकाला बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

आमेननंतर मी वॉकर धरून उभा राहिलो. न दिलेल्या वस्तूला मी माझं नाव लावून घेत नाही. म्हणालो, "साहेब, हा कापूस म्या देल्ला नाही. या बायांनी वेचला, पाण्याच्या भेवानं इथं आणला. आभार त्यायचे माना."

साहेबांचा चेहरा उतरला. पोरगा तसा भला. ते खाली आले, माझी माफी मागितली आणि म्हणाले, मग बाबा, हा तुमचाच आहे, आत्ता पोरं घरी पोचवून देतील. मी नको म्हणालो. प्रार्थना झालेली वस्तू आमच्या घरात परत आलेली नाही, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. साहेब म्हणाले, प्रार्थना चुकून झाली. मी म्हणालो, झाली ना? चुकून बाप्तिस्मा झाला तर तो पुसता काय?

उपासना संपली ती तशीच. लोक घरी जाईनात. कोंबडी ओरडत होती. मंडळीचे पंच एका कोपऱ्यात बोलत होते. म्हातारीनं मला हळूच विचारलं, घरी जायचं का. तिनं टिनांचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी चिडलो असतो, आणि ते सोपं गेलं असतं.

मग बायांच्या बाजूनं मोठी माय उठली. ती माझ्याहून वयानं मोठी, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, अजून रोजीनं वेचायला जाते. गावात मला अरे म्हणणारी आता ती एकटीच. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काहून रे भाऊ, लय मोठा झाला तू?"

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.

"नियम आपल्या जागी राहू दे. आमी दोन दिवस कंबर मोडली ते कोणासाठी? देवासाठी? देवाले द्याचं असतं त आमी आमचंच देल्लं असतं. हे आमी तुले देल्लं. तू घेतलंच नाही, अन् वरून देवाले देऊन मोकया झाला. मंग आमचं देल्लेलं कुठं गेलं, सांग."

मी वॉकर दाराकडे वळवला. ती पुढ्यातून हलली नाही.

"चादर वापस केली तवा मी गप बसली. आज नाही बसत. तुले आमच्या हातचं चालत नाही, असं बोल एकदा सगळ्यायसमोर. मंग राहू दे कापूस इथंच."

चालत नाही असं म्हणायला तोंड उघडेना, आणि चालतं असं म्हणायची सवय नव्हती.

"घेतलं," मी म्हणालो.

"आयकू नाही आलं."

"घेतलं म्हणलं ना माय."

मोठी माय वळली. आपल्या लुगड्याच्या पदरात तिनं ढिगातून एक ओटीभर कापूस काढला, तो कोहळ्याच्या बाजूला ठेवला आणि साहेबांना सांगितलं की एवढा देवाचा, बाकीच्याचं तुमी पाहू नका. साहेबांनी मान हलवली. पोरांनी बंडी दाराशी लावली. म्हातारी सगळ्यांच्या आधी बाहेर गेली आणि कुलूप काढायला चालू लागली. इतक्या झपाट्यानं चालताना मी तिला खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाया बंडीमागून घरापर्यंत आल्या. म्हातारीनं सगळ्यांना चहा केला, कप पुरले नाहीत म्हणून वाट्यांत दिला. मी ओसरीवर पाय लांब करून बसलो होतो. एकेक बाई जाताना आमच्या मंडळीच्या रीतीनं सलाम करत होती, आणि मी प्रत्येकीला परत सलाम केला. आभार मानतात म्हणजे नेमकं काय म्हणतात ते मला माहीत होतं. पण सलामावरच भागवलं.

दुसऱ्या दिवशी कापूस उघडून पाहिला. अर्ध्या बायांनी जन्मात वेचणी केलेली नव्हती. वाळलेली पानं, बोंडांची टरफलं, सगळं सोबत तोडून आणलेलं. असा कापूस बाजारात नेला असता तर व्यापाऱ्यानं भाव पाडला असता. तसंही मला दुसरं काम नव्हतं. रोज ओसरीवर मांडी न घालता बसायचं आणि कचरा निवडायचा. नाताळ जवळ आला तरी संपला नव्हता.

त्या दिवसांत शाळेतली मास्तरीण स्कुटीवरून जाताना थांबली. तिनंही दोन दिवस रजा टाकून वेचलं होतं. फाटकातून तिनं विचारलं, "बाबा, कशी होती आमची वेचणी?"

माझ्या पुढ्यात टरफलांची टोपली भरलेली होती. मी त्याच्यावर फडकं ओढलं.

"चांगली हाय," म्हणालो. "पुढच्या वर्षी या."