ताट वाजलं की गाडी थांबते

उठल्यावर आधी तांब्याभर पाणी. बसमध्ये बसलं की चपला सीटखाली, पाय पिशवीवर. गाडी चालू असेपर्यंत पायांची बोटं सतत हलती. दुसऱ्यांदा वाढायला आलं की ताटावर हात आडवा. मुक्कामाला पोचल्यावर आधी लुगडं धुवायचं, मग गप्पा. रोज शेजारीण नवी, म्हणजे भांडण मुरत नाही. घरी फोन मात्र रोज नाही. "रोज फोन केला की घर गाडीत येऊन बसतं," असं सगुणामावशी म्हणायची.

यातली पहिली सवय तिला नव्हती. ती तिने वाटेत लावून घेतली.

धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली, त्या हिवाळ्यात आमच्या अंबरनाथच्या विहारातून एक बस निघाली. नागपूर, सारनाथ, बुद्धगया, राजगीर आणि पुढे लुंबिनीपर्यंत. महिनाभराची यात्रा. मावशीला राजगीरचा गृध्रकूट पायी चढायचा होता. बुद्ध तिथे बसून बोलले, तिथे आपणही बसायचं. एवढंच तिच्या मनात होतं.

तिचा मुलगा राजरत्न आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर. त्याला हे पटत नव्हतं.

"साठी उलटली आई तुझी. आणि ही गोधडी कोण पुरी करणार?"

जीन्सच्या चिंध्यांची गोधडी होती ती, नातीसाठी शिवायला घेतलेली.

"आल्यावर करते," मावशी म्हणाली. "गोधडी कुठे पळून जात नाही."

मी शेजारची. नुकतीच मराठी घेऊन बी.ए. झालेली, रिकामी. राजरत्नदादाने मला सोबत पाठवलं. "पायल, आईकडे लक्ष ठेव." मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

नागपूर सोडलं आणि मावशीला ताप भरला. जबलपूरला पोचेपर्यंत तिला उभं राहवेना. डॉक्टरांनी तपासलं, लघवीला जळजळ होते का विचारलं, मग म्हणाले, "पानी कितना पीती हो, अम्मा?"

"पिते की."

"कितना?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं. उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, जीन्सच्या एका वर्कशॉपमध्ये तिने उभी हयात धागे कापले. तिथे बायकांसाठी संडास नव्हता. मग सगळ्याजणी संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. बसमध्येही तिने तेच केलं. ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणायचं, आणि चाळीस माणसांनी मागे वळून बघायचं. त्यापेक्षा तहान बरी.

"मावशी, अगं मी पण तेच करतेय," मी म्हणाले.

"तू कुठे कामाला होतीस गं वर्कशॉपात?" तिने विचारलं. मग तापातही हसली.

राजरत्नदादा फोनवर ओरडलाच. "तिथेच थांबा. मी येतो आणि तिला घेऊन जातो."

मावशीने फोन घेतला. "दोन दिवस दे, राजा. ताप उतरला नाही तर तू म्हणशील तसं."

"आणि उतरला तर?"

"तर मी म्हणेन तसं."

तिने गोळ्या घेतल्या. मग पाणी प्यायली, झोपली, उठून पुन्हा पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. बस निघताना ती ड्रायव्हरमागच्या सीटवर जाऊन बसली. हातात स्वतःचं स्टीलचं ताट आणि चमचा.

ड्रायव्हर चांगो बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. त्याने आरशात बघितलं. "काय वो मावशे, जेवान आताच?"

"जेवण नाही. हे ताट वाजलं की गाडी थांबवायची. झाडं, आडोसा बघून. कुणाला लागलीय ते विचारायचं नाही. मलाच लागलीय असं समजायचं."

"अशी थांबत गेली त गाडी पावसाल्यात पोचंल!"

"पोचू दे. पण सगळी उभी पोचली पाहिजेत."

यात्रेचे प्रमुख हरिचंद्रकाका कुरकुरले. वेळापत्रक बिघडेल म्हणाले. तेवढ्यात ताट वाजलं. चांगोने गाडी बाजूला घेतली. बायका एकमेकींकडे बघत उतरल्या. पण त्यांच्याही आधी एक माणूस धावत शेतात गेला होता. ते हरिचंद्रकाकाच होते.

त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही. बायकांच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. दुपारची डोकेदुखी गेली, चिडचिड गेली. सुजलेल्या पायांच्या वेणूबाई बसमध्ये गाणी म्हणायला लागल्या. कुणी घरच्या आठवणीने रडायला लागलं, की मावशी उठून तिच्या शेजारी जायची. समजूत घालायची नाही. लसूण सोलायला द्यायची. आमचा स्वयंपाक आम्हीच करायचो, त्यामुळे लसूण रोज लागायचाच.

मी हे सगळं बघत होते. लक्ष कोण कोणाकडे ठेवतंय, हे मला तेव्हा कळलं.

राजगीरला हरिचंद्रकाका म्हणाले, "सगुणाबाई, डोली करू. तुमचं आजारपण झालंय."

"दमले तर करू."

ती दमलीच नाही, कारण दमायच्या आधीच बसायची. घोटभर पाणी, चार श्वास, की पुन्हा चालायला लागायची. झपाझप पुढे गेलेली तरुण पोरं वाटेत धापा टाकत बसलेली दिसली.

"काय रे, सावली शोधताय?" तिने विचारलं आणि पुढे गेली.

वर वारा होता. मावशी जमिनीवर बसली. हात जोडले. मग ती हळूच म्हणाली, "पायल, इथे मी बसले."

खाली आल्यावर तिने एसटीडीवरून फोन लावला.

"राजा, वर जाऊन आले."

"कशी गेलीस?"

"पायांनी."

पलीकडे तो बराच वेळ हसत होता. ते मला बाहेरूनही ऐकू आलं.

लुंबिनीहून ती परतली तेव्हा निघतानापेक्षा ताठ चालत होती. अंबरनाथला उतरल्यावर चांगोने तिच्याकडून ताट मागून घेतलं. "दुसरे बशीत पन लागंल," म्हणाला. तिने दिलं. आता ताट वाजवायला माणूस लागतो, म्हणून पुढच्या बसलाही तिलाच बोलावणं आलं. ती सांचीला गेली. तिथून आली आणि अजिंठ्याला गेली.

गोधडी तिच्या खाटेवर तशीच आहे. अर्धी शिवलेली, सुई कडेला खोचलेली. सुई काढून ठेवून नात तेवढीच पांघरते. पाय उघडे राहतात.