सोयऱ्यांच्या घरचं एस्टिमेट

मुलीचा साखरपुडा झाला आणि महिन्याच्या आतच होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या जुन्या फ्लॅटची वायरिंग बदलायची होती. "तुम्ही यातलेच, मग बाहेरचा माणूस कशाला? लेकीलाही आणा. तिच्या रूमचे स्विच तीच सांगेल." घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, माझ्या वाट्याला दोन्ही एकाच दारात आली. माझा राग नाकावर असतो, म्हणून निघताना बायकोने बजावलं, "तिथे तुम्ही मुलीचे वडील आहात, कॉन्ट्रॅक्टर नाही."

आता हे मला कसं जमायचं? मुलीला घेऊन गेलो आणि आधी बोर्ड उघडला. एसी, गीझर, मायक्रोवेव्ह सगळं एकाच बारीक वायरवर. गीझरला तर अर्थिंगच नव्हती, आणि माझी पोर त्याच बाथरूममध्ये अंघोळ करणार होती. मी खोल्याखोल्यांतून पॉइंट मोजत फिरलो. आमच्या धंद्यात दिवा, पंखा, प्लग असा एकेक पॉइंट धरून मजुरी ठरते, सामान वेगळं. हॉलमध्ये परत येईपर्यंत मी मनाशी पक्कं केलं होतं की माझी मेहनत आणि नफा सोडून द्यायचा. पण हाताखालच्या दोन कारागिरांची रोजंदारी मी कोणत्या तोंडाने सोडणार? ती त्यांची होती.

"किती होतील?" व्याह्यांनी विचारलं.

"माझं काही नको," मी म्हणालो. "सामान आणि दोन माणसांची मजुरी, एवढंच." आणि आकडा सांगितला.

विहीणबाई हसल्या. "अहो, सोयरिकीत हिशेब करताय? आम्ही तुमच्याकडे काही मागितलंय का आजवर? आणि एसी लागतोय तो तुमच्या लेकीच्याच रूममध्ये ना?"

माझं डोकंच फिरलं. साखरपुड्यात 'आम्हाला देणंघेणं काही नको' म्हणून चारचौघांत मिरवलेली माणसं आता वायरिंगच्या पाइपातून हुंडा ओढत होती! पण एक शब्द वाकडा गेला असता तर जमलेलं लग्न मोडलं असतं, आणि मुलीला तो मुलगा आवडला होता. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. "ठीक आहे, करतो" म्हणायला मी तोंड उघडलं.

"पप्पा, थांबा." मुलगी तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे वळली. दोघंही कमावते. "आपलीच रूम आहे ना? मग निम्मे मी देते, निम्मे तू दे. चालेल?"

तो मोबाइल चाळत होता, तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. मनात म्हटलं, बोल रे बाबा, नुसतं 'हो' म्हण, अख्ख्या घराचं काम पदरचे पैसे घालून करून देतो तुला.

"आईला विचारून सांगतो," तो म्हणाला.

आई त्याला खेटूनच बसली होती.

मुलीने त्या दोघांकडे एकदा नीट पाहिलं, बोटातली अंगठी काढून टीपॉयवर ठेवली आणि चपला घालायला उठली. जिना उतरताना ती रडली नाही. मी रडलो.