मंडईतलं पान

तुमसरजवळच्या मँगनीज खाणीच्या फुटबॉल संघात तुलाराम नऊ वर्षं डाव्या बाजूने खेळला. गुडघा गेल्यावर त्याच्याकडे एकच मान उरला. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत खाणीचा संघ सांभाळणारे मारोतबाबू त्याला पान देऊन विचारत, पुढच्या हंगामात कोणता पोरगा वर चढेल? तो ज्याचं नाव घेई, त्याला खाणीत पक्की नोकरी मिळे. सहा वर्षांत त्याचा शब्द खोटा ठरला नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली बपेरा गावचा गोमाजी संघात आला. पावसाळ्यात, धानाची रोपं रोवण्याआधी, तुलाराम नव्या पोरांना शेतातल्या चिखलात चेंडू घेऊन पळवायचा. जो पायाकडे न पाहता पळेल, तोच सुधारणार, असा त्याचा हिशेब होता. गोमाजी समोर बघत पळाला, चेंडू डाव्या पायाला चिकटलेला.

"तुलारामपेक्षा भारी हाये गा हा!" धुऱ्याच्या बांधावरून कोणीतरी ओरडलं.

ते वाक्य तुलारामला मंडईपर्यंत टोचत राहिलं. मंडईत त्याने दुसरंच नाव सांगितलं.

"अन् गोमाजी?" मारोतबाबूंनी विचारलं.

"त्याचं होऊन गेलं जी. आता तो वाढत नाई."

गोमाजी नागपूरच्या संघात गेला. पुढच्याच हंगामात त्याने खाणीच्या संघावर तीन गोल चढवले.

"काहो तुलाराम, यंदा चुकले ना?" मंडईत मारोतबाबू हसले आणि हातातलं पान त्यांनी दुसऱ्याच माणसापुढे धरलं.

"चुकलो," तुलाराम म्हणाला. आपल्याला सगळं आधीच दिसलं होतं, हे आता त्याला कोणालाच सांगता येत नव्हतं.