गास्पार राजाचा दोस्त

आन्सेल्मो म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, आणि मी त्यांची मेहुणी बेनिता. धंद्याने रंगारी. क्वेंकाकडच्या आमच्या गावात त्यांचा हात लागला नाही अशी भिंत नाही आणि त्यांनी थाप मारली नाही असा माणूस नाही. वाईट थापा नाहीत हो. कुणाचं त्यात नुकसान नाही. चर्चचा मनोरा रंगवताना करकोच्याने म्हणे त्यांच्या टोपीतच घरटं बांधायला घेतलं होतं, इतपतच. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी सवय असलेला माणूस कधी ना कधी गोत्यात येतोच. दाजी आले ते थेट माद्रिदच्या भर रस्त्यात, आणि तेही मुलांदेखत.

त्याचं झालं असं. चार वर्षांपूर्वी त्यांची कासिल्दा तीन वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा माद्रिदला राजांची मिरवणूक बघायला नेलं. आमच्याकडे मुलांना भेटवस्तू आणतात ते तीन राजे, सहा जानेवारीच्या पहाटे. आदल्या संध्याकाळी राजधानीत त्यांची मिरवणूक निघते आणि रथांवरून गोड गोळ्यांचा पाऊस पडतो. गास्पार राजाची ती तांबडी दाढी बघून पोरगी अशी किंचाळली की आजूबाजूच्या चार पोरांनी तिच्या सुरात सूर मिसळला. दाजी घाईघाईने म्हणाले, "अगं वेडे, घाबरतेस काय! दोस्त आहे तो माझा. सेउताला लष्करात एकत्र होतो आम्ही. मांडीला मांडी लावून बटाटे सोललेत!"

पोरगी गप्प झाली. काम झालं होतं. पण तिथे थांबले तर ते दाजी कसले!

दर जानेवारीत गास्पारबद्दल नवी माहिती बाहेर पडू लागली. गास्पार घोरायचा. गास्पारचा नेम इतका वाईट की सार्जंट त्याच्या मागे उभा राहायचा, तेवढीच सुरक्षित जागा म्हणून. गास्पारने दाजींचे लोकरीचे मोजे नेले ते आजतागायत परत केले नाहीत. बहीण फेलिसा म्हणायची, "राजा आहे ना तो? मग एवढे उंट आहेत त्याच्याकडे, एखाद्यावर मोजे घालून पाठव म्हणावं." दाजी गंभीरपणे म्हणायचे, "पदावर गेलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं."

यंदा मात्र फास आवळला. शाळेत बेकरीवाल्याच्या ओबदुलियाने सगळ्या वर्गासमोर विचारलं, "एवढा दोस्त आहे तर तुझ्या बाबाला कधी हाक का मारत नाही गं?" ही ओबदुलिया सात वर्षांची आहे, पण मोठी झाली की वकील तरी होणार नाहीतर सासू तरी. आमची कासिल्दाही बापाची पोर. ताडकन उठली आणि म्हणाली, "यंदा मारणार आहे. नावाने." घरी येऊन बापालाही हेच सांगितलं. दाजींच्या घशात सूप अडकलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं बोलेल. आणि बोलले काय? "मारणार म्हणजे! न मारून सांगतो कुणाला!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

पाच तारखेला सकाळी आम्ही निघालो. दाजी, मी, कासिल्दा आणि चार वर्षांचा ब्लास. फेलिसा दरवर्षी मागे राहते, कारण मुलं बाहेर असताना घरात भेटी मांडायला कुणीतरी लागतंच. म्हणजे पोरांना राजधानी दाखवण्याचं पुण्य दरसाल माझ्या माथी. दोन्ही पोरांच्या मनगटावर पेनाने माझा फोन नंबर लिहिला. दाजींचा नाही, कारण दाजी फोन उचलून आधी पाच मिनिटं बोलतात आणि मग विचारतात कोण आहे. आणि गाडीच्या टपावर शिडी. ती घराघरात असते तसली तीन पायऱ्यांची नव्हे, तर धंद्याची, दोन्ही बाजूंनी उघडणारी, तीन मीटर उंच, बारा वर्षांच्या रंगाचे डाग मिरवणारी.

या दिवशी माद्रिदमध्ये शिडी न आणणाऱ्या बापाला बाप म्हणत नाहीत. पुढे माणसं, मागे शिड्या आणि शिड्यांवर पोरं, असा अलिखित कायदाच आहे. पण गाडी शहराबाहेर ठेवून ही शिडी मेट्रोत न्यायची म्हणजे! सरकत्या जिन्यावर ती आडवी झाली. एक टोक एका म्हाताऱ्याच्या छत्रीत आणि दुसरं एका नवरदेवासारख्या नटलेल्या तरुणाच्या खिशात. "माफ करा, माफ करा," म्हणत दाजी वळले आणि वळताना आणखी तिघांची माफी मागायची वेळ आणली. ब्लास मोठ्यांदा मोजत होता, "चार! बाबा, पाच! बाबा, त्या काकूंची टोपी पण!"

मिरवणूक साडेसहाची. दाजींनी तीन वाजताच कास्तेयानाच्या रस्त्यावर एका झाडाजवळ शिडी रोवली. शेजारी फरचा कोट घातलेल्या एक बाई होत्या, त्यांच्या हातात उलटी धरायची छत्री, गोळ्या झेलायला. त्यांनी शिडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गावाकडून आलात वाटतं?"

"शिडी गावाकडची, बाईसाहेब," दाजी म्हणाले. "आम्ही तिच्या सोबतीला आलोय."

बाई हसल्या आणि चक्क दोन पावलं सरकल्या. हे मात्र मान्य करायला हवं, असल्या बाबतीत या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

साडेतीन तास लहान पोरांना घेऊन एका जागी उभं राहणं काय असतं, ते राज्य चालवणाऱ्यांना कधी कळायचं नाही. पाव-ऑम्लेट चार वाजताच संपलं. मग ब्लासला शू लागली. दाजी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेले. आता नुसतंच पोराला आत घुसवून बाहेर कसं यायचं, लाज वाटते, म्हणून दाजींनी कॉफी घेतली. अर्ध्या तासाने त्या कॉफीपायी दाजींना जावं लागलं. मग पुन्हा लाज, पुन्हा कॉफी. तिसऱ्या खेपेला बारवाल्याने ब्लासला नावाने हाक मारली आणि ब्लास ते ओरडून सांगतच परत आला.

"बघ," कासिल्दा शिडीच्या टोकावरून म्हणाली, "बारवाला पण मारतो हाक. मग गास्पार तर मारेलच."

दाजी काहीच बोलले नाहीत. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण दाजी गप्प बसलेले मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

अंधार पडला, दिवे लागले, बँड वाजू लागला. मेल्चोर राजाचा रथ आला नि गेला. गोळ्यांचा मारा झाला, फरवाल्या बाईंची छत्री अर्धी भरली, एक गोळी माझ्या डोळ्याखाली बसली. पाठीमागचे लोक ओरडत होते, "ओ रंगारी, शिडी बाजूला घ्या, आमच्या पोरांना आभाळच दिसतंय!" ब्लास वर कासिल्दाला चिकटून बसला होता. तेवढ्यात दाजींनी मला शिडीमागे ओढलं. जानेवारीच्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बेनिता, तो हाक मारणार नाही."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"तसं नाही गं. मी सेउताला कधी गेलोच नाही. चपटे पाय निघाले. पहिल्याच दिवशी घरी पाठवलं मला. बटाटेसुद्धा सोलले नाहीत. गावात कुणाला सांगितलं नाही. मावशीकडे व्हॅलेन्सियाला राहिलो नऊ महिने आणि आलो परत सैनिक होऊन." त्यांनी वर लेकीकडे पाहिलं. "तिला वाटतं, बाप कुणीतरी आहे. आज गेलं ते."

चार वर्षं मी या माणसाच्या थापांची टर उडवत आले. आज फजिती होणार म्हणून, खोटं कशाला बोलू, सकाळपासून मनातून मजाच वाटत होती. पण तो चेहरा बघवेना. जीभ शिवशिवत होती तरी टोमणा निघालाच नाही.

"शिडीवर चढा," मी म्हटलं, "आणि त्या पोरांना धरा."

मी निघाले. माणसांच्या मागून, मिरवणूक येत होती त्या दिशेला, शंभरेक पावलं पळत. बूट टोचत होते, पिशवी कुणाच्या तरी बाबागाडीत अडकली, कुणीतरी माझ्या आईचा उद्धार केला, मीही त्याच्या आईचा केला. गास्पारचा रथ चौकाशी थांबला होता. मी रस्त्याकडेच्या कठड्याच्या खालून घुसले. रथापुढे राजाची एक सेविका चालत होती, वीस वर्षांची असेल, डोक्याला पगडी, तोंडात च्युइंग गम.

"पोरी, ऐक! पुढे डाव्या हाताला, सगळ्यात उंच शिडीवर एक माणूस आहे. नाव आन्सेल्मो. राजाला सांग, हाक मार. सेउताची ओळख म्हणावं. आणि सलाम ठोक."

"काकू," ती गम चघळत म्हणाली, "मागच्या चौकात एकाने राजाला मुलीचं लग्न जमवायला सांगितलंय. प्रत्येकाचं काही ना काही असतंच."

"माझं फक्त नाव आहे गं! दोन शब्द! त्याची लेक सात वर्षांची आहे!"

एवढ्यात पोलिसाने माझं कोपर धरलं. "बाई, मागे व्हा."

"अहो, मला राजाशी बोलायचंय!"

"इथे सगळ्यांना राजाशीच बोलायचंय," तो म्हणाला, "माझ्याशी बोलायला कुणी येत नाही." आणि त्याने मला अलगद कठड्याबाहेर काढलं. मी वळून पाहिलं तर ती सेविका मुठीने गोळ्या उधळत होती. संपलं, म्हटलं.

मी धापा टाकत परत आले तेव्हा रथ आमच्या झाडापाशी पोचला होता. आणि गास्पार बघत होता उजवीकडे! पलीकडच्या लोकांना हात हलवत होता, मुठी भरभरून गोळ्या तिकडेच. दाजी शिडीच्या मधल्या पायरीवर उभे, दोन्ही हातांनी पोरांना धरलेलं. रथ अर्धा पुढे सरकला. मग ती पगडीवाली रथाच्या पायरीवर चढली आणि तिने राजाचा झगा ओढला.

गास्पार वळला. त्याने शिडी शोधली, ती न सापडायला आंधळाच असायला हवा होता. छाती काढून उभा राहिला, मुकुटाशी हात नेऊन कडक सलाम ठोकला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "आन्सेल्मो! सेउता!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरवाल्या बाई छत्रीसकट दाजींकडे वळून बघू लागल्या. दाजींनी सलाम केला, उलट्या हाताने, शिकवलंच नव्हतं ना कुणी. मग पोरांना घेऊन ते खाली उतरले, माझ्याजवळ आले, आणि डोळे पुसत पुसत म्हणाले, "काय थकलाय गं तो. दाढीमुळे मी ओळखलाच नसता. सेउताला असताना किती सडपातळ होता!"

सेउताला कधी गेलोच नाही, हे याच माणसाने मला सांगितलं होतं. अर्धा तास झाला नव्हता हो!

ते शिडी मिटत होते आणि फरवाल्या बाईंना मोज्यांची गोष्ट सांगत होते. कासिल्दा हळूच माझ्याजवळ आली. गाल गोळीने फुगलेला. तिने माझी बाही धरून मला खाली वाकवलं.

"मावशी, वरून चौकापर्यंत सगळं दिसतं. त्या पगडीवालीला तू काय सांगत होतीस?"

मला एकही थाप सुचेना. आमच्या घरात तो गुण लग्नाने आला आहे, रक्तात नाही. "तुझ्या बाबाचं नाव," मी म्हटलं.

तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि बापाकडे पाहिलं. तो हातवारे करून सार्जंट कसा लपायचा ते दाखवत होता.

"बाबाला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "त्याला खरं वाटतंय. ओबदुलियाचं मी बघून घेईन."