भातात नसलेली जनुकं

प्रयोगशाळेच्या खिडकीत दोन कुंड्या आहेत. दोन्हींना बारा दिवस पाणी दिलेलं नाही. भाताच्या पानांच्या सुरळ्या झाल्यात, शेजारची नाचणी मात्र अजून ताठ उभी आहे.

तहान लागली की दोन्ही झाडांची कोणती जनुकं कामाला लागतात, याची तुलना मी करते आहे. नाचणीतली काही जनुकं भातात सापडतच नाहीत. काल त्यांची लिस्ट माझ्या गाइड सरांना दाखवली.

"अगं, भातात जोडीच नाही ना त्यांना? मग काढून टाक लिस्टमधून. कचरा कशाला ठेवतेस?"

मी नेहमीसारखी मान डोलावली, पण आतून संताप झाला. नाचणी कदाचित ज्यांच्या जोरावर उभी आहे, तीच कचरा? आणि वर आपणच शोधनिबंधात लिहायचं, दोन्ही झाडं बरीचशी सारखी आहेत! घरीसुद्धा मावसबहिणीशी माझी तुलना अशीच होते. तिच्याकडे जे आहे, तेवढंच माझ्यात शोधतात.

आज मी लिस्टमधलं एकही जनुक काढलं नाही. सर यायच्या आधी दोन्ही कुंड्या त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्यात. ते बोलावतीलच. आज मी मान डोलावणार नाही.