माझ्या घराचा मेट्रो नकाशा

"मावशी, तुमची नजर चांगली आहे, आठवणही शाबूत आहे. मेंदूचा जो भाग वाट ओळखतो, तिथला रक्तपुरवठा थांबला होता. याला टोपोग्राफिकल डिसओरिएंटेशन म्हणतात. ओळखीच्या जागेतसुद्धा वाट सापडत नाही," एमआरआयचा फोटो दाखवत डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं.

मला रडू आलं नाही, संताप आला. तोवर सगळ्यांनी मला वेडी ठरवून टाकलं होतं.

लिंबायत वस्तीतल्या आमच्या दोन मजली घरात मी लग्न होऊन आले. वरच्या खोलीत मशीनवर साड्यांना लेस लावायचं काम करते. एका सकाळी डोकं ठणकत होतं. बाथरूमला निघाले आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. परत फिरले, तर स्वयंपाकघर.

गल्लीतल्या डॉक्टरने माझ्याकडे न बघता मिस्टरांना सांगितलं, "या वयात बायकांना टेन्शन येतं." झोपेची गोळी दिली. मिस्टर कापडाच्या लूमवर कामाला जाताना बाहेरून कडी लावू लागले. दीर अमळनेरहून आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "वहिनीले गावले धाडी द्या. आठे कोण ध्यान ठेवई?" मी तिथेच बसले होते, पण मला कुणी विचारलं नाही.

माझी मुलगी सोनल भांडून मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, तिथेच तो एमआरआय झाला. तिथेही प्रत्येक खिडकीवर "साथे कोण छे?", सोबत कोण आहे, असं गुजरातीत विचारायचे आणि पुढचं सगळं तिच्याशीच बोलायचे.

थेरपिस्टने घरात बाण चिकटवायला सांगितले. जाताना बाण बरोबर दाखवायचा, येताना तोच उलटा पडायचा. तिसऱ्यांदा मोरीत पोचले तेव्हा मी सगळे बाण फाडून टाकले.

पुढच्या तपासणीहून येताना मेट्रोच्या खोदकामापाशी रिक्षा अडकली. कुंपणाच्या पत्र्यावर नव्या मेट्रोचा नकाशा होता. त्यात डावं-उजवं काहीच नव्हतं. एक रंग धरायचा, एकामागून एक स्टेशनं यायची. मी सोनलला म्हटलं, "मला असं घर पाहिजे."

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी घर काढलं. लाल लाइन पलंगापासून बाथरूमपर्यंत, हिरवी पलंगापासून गॅसपर्यंत, निळी जिन्यावरून मशीनपर्यंत. पलंग जंक्शन. मग त्याच रंगांच्या लेस भिंतींवर हाताच्या उंचीला चिकटवल्या.

मिस्टर हसले. "घरात मेट्रो सुरू करते का?"

"कडी काढा आधी," मी म्हणाले. "आग लागली तर मी कुठून बाहेर पडू?"

त्या रविवारी त्यांनी स्वतः कडी उपटून काढली.

सुरुवातीला मी खूप चुकले. चुकले की पलंगावर परत यायचं आणि रंग पुन्हा धरायचा. हळूहळू बोट लेसवर न ठेवताही गॅसपर्यंत पोचायला लागले.

दीर मला न्यायला आले तेव्हा मी एकटीनेच चहा करून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "भाऊ, चहा घ्या. गावी तुम्ही एकटेच जा."

दाराबाहेर मी अजून हरवते, गल्लीची लाइन काढायची आहे. सोनलचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्यांवरचा राग गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही. तुमच्यावर अशी वेळ आली आणि डॉक्टर तुमच्या माणसाशीच बोलू लागले, तर खुर्ची पुढे ओढा आणि सांगा, आजारी मी आहे, माझ्याशी बोला.