बीबीच्या बाजारातला राजा

मी बीबी गावच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा वऱ्हाड प्रांत कागदावर निजामाचा होता, राज्य इंग्रजांचं होतं आणि हुकूम नागपूरहून यायचे. नकाशावर बोट ठेवून हे मी पोरांकडून घोकून घ्यायचो.

एका बाजारच्या दिवशी एक बहुरूपी आला. बहुरूपी कधी फौजदार होऊन येतो, कधी साधू. हा राजा होऊन आला होता. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, पाय अनवाणी.

"माह्या मुलुखाच्या दोन्ही बाजूले मोठे राजे," तो म्हणाला. "एक म्हन्ते मुलूख माहा, दुसरा म्हन्ते माहा. मुलुखाले कोनीच इचारत नाही."

माणसं हसली. जमादार मात्र काठी आपटत पुढे आला. "कोनता मुलूख बे? मुकुट काढ, नाव सांग, नाही तं चाल चौकीत."

बिदागी मिळाल्याशिवाय सोंग उतरवायचं नाही, हा बहुरूप्याचा नेम. त्याने मुकुटाला हातही लावला नाही. डोळे मिटून, आमच्याकडच्या बाया पहाटे दळताना म्हणतात ती ओवी त्याने धरली. काय तो आवाज! भाजीवाल्या बाया त्यात मिसळल्या, मग बांगड्या विकणारे चाचा, मग सगळा बाजार.

ओवी संपली. डोळे उघडून तो जमादाराला म्हणाला, "हाच मुलूख, साहेब. तुमीबी तिथलेच दिसता."

तेव्हा कुठे मी जमादाराकडे पाहिलं. काठी काखेत गेली होती, आणि ओठ अजून हलत होते.